ढोल कुठं गेला होता

यवतच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. पुढच्या बाकावर सोजराबाई आणि त्यांच्या वस्तीवरची एक तरुण बाई.

“मामी, तुमच्या पृथ्वीराजच्या गाडीतली गाणी पार आमच्या गोठ्यात ऐकू येत्यात की!”

“यायचीच! कंपनीचे स्पीकर काढून मोठे बसवलेत.”

“पण मागं तर म्हणत व्हता, आवाज फुसका हाय?”

“व्हय. हलगी वाजायची, पण ढोलाचा दणकाच न्हाई. दुकानदार म्हणला, डिकीत अजून मोठा वूफर बसवा. तवा आमची नीलम म्हणली, आधी मला गाडीच्या दारातले स्पीकर उघडून बघू द्या.”

“सूनबाई?”

“अगं, फॅक्टरीत दिवसभर गाड्यांच्या वायरीच जोडती ती. पण आमचे मालक गरजले, बाईमाणसानं गाडीला हात लावायचा न्हाई.”

“मग?”

“मालक डेअरीला दूध घालाया गेले. मी म्हणलं, उघड.”

“अगं बया!”

“दुकानदारानं डाव्या दाराच्या वायरी उलट्या जोडल्या व्हत्या, प्लसची मायनसला. एक स्पीकर ढकलतो, दुसरा वढतो, म्हणून ढोल मरतो, म्हणली. वायरी बदलल्या आन् असा दणका बसला, कोंबड्या पत्र्यावर!”

“आन् मारुतमामा?”

“रिकामी किटली घिऊन पळतच आले.”

“दुकानदाराला कळलं का?”

“काल घरी आला व्हता. ताई, रविवारी दुकानात काम बघाया येता का, म्हणून.”

“मामा चिडले असतील.”

“लय चिडले. म्हणले, आमची सून कुठं येनार न्हाई. तुम्हाला जमत न्हाईत त्या गाड्या हितं घिऊन यायच्या.”