गसगसेच्या झाडाखाली शून्य

हॅलो?… हां, वेदिका, बोल… झाला गं चहा. खाली बागेत आहे, गसगसेच्या झाडाखाली… हो, मोजणी चालू आहे. म्हणजे होती, तुझा फोन येईपर्यंत.

…रागावलो नाही. पंधरातली तेरा मिनिटं झालीच होती… किती? शून्य! आजचा एकतिसावा दिवस. एक फुलटोच्या नाही… हसतेस काय! बंगळुराच्या या टोकाला, एचएसआरला राहायला आल्यापासून, अकरा वर्षं मोजतोय मी. या चेरीसारख्या लाल फळांसाठी रोज तीन-चार तरी यायचेच… छे, बघायचं कशाला? अंगठ्याएवढा पक्षी, पानांत दडलेला, दिसतोय कुणाला? डोळे मिटायचे आणि ऐकायचं. तुला काय नवीन आहे? जालहळ्ळीच्या क्वार्टरच्या गच्चीवर उभं करून शिकवलं होतं ना तुला?… हां, तेच. टिक, टिक, टिक.

…कारण? कारण कल्लाप्पा! आमचा माळी गं. गेल्या महिन्यात तीन फांद्या उडवल्या त्यानं, मला न विचारता. फांद्या गेल्या, पक्षी गेले… हो, लिहिलंय पत्र. खिशातच आहे. दहाला असोसिएशनची मीटिंग आहे. सेक्रेटरी हयवदन राव म्हणाले, दामोदर सर, पुरावा आणा, माळी बदलून टाकू. म्हणून एकतीस दिवसांचा तक्ता जोडलाय.

…माहीत आहे मला. दोन मुली शाळेत आहेत त्याच्या… अगं ऐक ना… आधी ऐक तरी! मलाही बरं वाटत नाहीये. माणूस चांगला आहे. बेळगावकडचा, माझ्याशी मराठीत बोलतो, तुझ्या आईला पूजेची फुलं आणून देतो. या पत्रापायी तीही कालपासून माझ्याशी बोलत नाहीये.

…नाही, तिची दुसरीही तक्रार आहे. वॉशिंग मशीन म्हणे पीप पीप करत बसतं आणि मी शेजारी पेपर वाचतो. मुद्दाम! आता वाजलंच नाही तर उठू कशाला?… बिघडलंय ते. मेकॅनिकला बोलावलंय मी.

…बाकीचे? बाकीचे झकास! तांबट चार, बुलबुल सहा, कोकीळ तर उजाडल्यापासून बोंबलतोय. शिंजीर मात्र कमी झालेत. चष्मेवालेही… हो ना, नेमके बारीक आवाजाचेच गेले. मलाही कळत नाही.

…काय?… कसली टिक टिक?… तुझ्याकडेच असेल. पुण्यात काय फुलटोचे नाहीत?… खिडकी बंद आहे?… वेदिका, सकाळी सकाळी मस्करी नको… माझ्या फोनमधून?… आत्ता?… अजून येतोय?

थांब. बोलू नकोस.

…

…नाही गं. घार ओरडली, तेवढीच… स्पष्ट येतोय? एवढा?

…आहे, आहे. फोनवरच आहे. विचार करतोय… मशीन बिघडलेलं नाहीये, नाही का?

…हो. अडुसष्ट पूर्ण झाली… हो, वाचलंय मी, बारीक आवाज आधी जातात म्हणून. दुसऱ्यांचे जातात असं समजून वाचलं होतं.

…बरं बाई, उघडले डोळे! पण दिसणार कसा? वर नुसती पानं… काय करू? फोन वर धरू?… सरी, सरी… बरं, धरतो. स्पीकरवर टाकतो. तू फक्त जास्त की कमी ते सांग… हं, आता?… कमी? मग इकडे… जास्त? थांब, पाण्याच्या टाकीकडे सरकतो… कावेरी अक्का, काही नाही हो, रेंज बघतोय! तुम्ही चाला… अगं, किंचाळू नकोस, उडेल तो!… इथेच? नक्की? अगं, इथे तर छाटलेली फांदी आहे. पालवी फुटलीय खरी, फळंही…

अगं!

…आहे! आहे, आहे! पिकल्या फळाशेजारी बसलाय, गुलाम! चोच उघडतोय, मिटतोय… आता ओरडला?… आणि आता?… हो! तेव्हाच उघडली चोच! मी बघतोय आणि तू ऐकतेयस… थांब, खाली आणखी एक. त्याच फांदीवर, वेदिका. कल्लाप्पानं छाटलेल्या.

…रडत नाहीये. मान वर केली की डोळ्यांत पाणी येतं… बरं, रडतोय थोडासा. महिनाभर हा माझ्या डोक्यावर बसून बोंबलतोय, आणि मी खाली डोळे मिटून त्याला शून्य देतोय. आणि त्या शून्यावर एका माणसाची नोकरी घालवायला निघालो होतो गं मी.

…पत्र? हे ऐक… आला आवाज? हा मलाही आला. आता तक्ता… झालं, चार तुकडे.

…मीटिंगला जाणार तर! चुकलो म्हणून सांगायला नको? हयवदन राव वर्षभर चिडवतील. चिडवू देत… हो, कान तपासून घेतो… उद्याच. आईला आजच सांगतो, मशीनपाशी उभा राहून… हसा, दोघी मिळून हसा!

…एक मिनिट, वही काढतो. फुलटोच्या, दोन. निरीक्षक… दामोदर, डोळे. वेदिका, कान… अगं, लिहिलं पण! पेननं लिहिलंय… उद्या साडेसहाला करशील फोन?… रोज? उठशील का?… बघू हं.

चल, ठेवतो. तो समोर पाइप धरून उभा आहे, मला वेड लागलं की काय म्हणून बघतोय… हो, आधी त्याच्याकडेच… ठेवतो गं.

कल्लाप्पा! पाइप ठेव रे खाली. स्वल्प, जरा इकडे ये… माझं चुकलंय.