बाबांची पाठ

बहीण: दार का लावतोस? मी काही चोरीचं बोलत नाहीये.

भाऊ: बाहेर गिऱ्हाईक आहे. भर बेकरीत उभी राहून माझ्या दुखण्यांच्या चौकश्या करशील, तर उद्या पाव घ्यायला कुत्रंही फिरकणार नाही.

बहीण: दुखण्याचं विचारलंच नाही. रक्त तपासून घे म्हटलं.

भाऊ: मला काय धाड भरलीय?

बहीण: धाड भरण्याआधीच तपासायचं असतं. माझ्या रक्तात जो दोष निघाला तो बाबांकडून आलाय. तुझ्यातही असू शकतो.

भाऊ: तुझा आजार छातीचा. बायकांचा. तो मला कुठून चिकटणार?

बहीण: बायकांना छातीत त्रास देतो, पुरुषांना प्रोस्टेटमध्ये. दोष तोच. आणि तो असला की कॅन्सर लवकर गाठतो, भराभर वाढतो. म्हणून अशा घरातल्या पुरुषांना चाळिशीपासूनच दरवर्षी रक्त बघायला सांगतात. तुझी चाळिशी कधीच उलटली.

भाऊ: बाबांना असलं काही नव्हतं. मैद्याच्या गोण्या वाहून त्यांची पाठ गेली. सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे.

बहीण: नातेवाइकांना आईने सांगितलं तेवढंच ठाऊक आहे. मी बाबांच्या डॉक्टरांना भेटून आले. म्हातारे झालेत, पण बाबा पक्के लक्षात आहेत त्यांच्या. प्रोस्टेटचा कॅन्सर होता. तो हाडांत उतरला, म्हणून पाठ दुखायची.

भाऊ: खोटं आहे.

बहीण: जा, तूच विचार त्यांना.

भाऊ: मग हा कमरपट्टा मी इतकी वर्षं कशाला आवळतोय? कामगारांनाही बांधायला लावतो, हसतात मला. गोण्या चढवायला पुली बसवली. कशाला?

बहीण: चोर मागच्या दाराने आला, आणि तू पुढच्या दाराला कुलपं घालत बसलास.

भाऊ: आली शहाणी. तुला बोलावलं कुणी इथे?

भावजय: (मागून पुढे येत) मी बोलावलं.

भाऊ: वा! घरभेदी घरातच निघाली.

भावजय: म्हणा काहीही. मी महिनाभर सांगतेय, तुम्ही भट्टीकडे तोंड करून उभे राहता. म्हटलं, ताईंच्या तोंडाला लागून तरी बघा.

भाऊ: कळलं मला. ताई, तुझ्या आजारपणात मी आलो नाही, त्याचा सूड आहे हा.

बहीण: नाहीच आलास. हिच्या हाती डबा पाठवायचास आणि स्वतः खाली गाडीत बसून राहायचास. खिडकीतून दिसायचास मला. केस गेलेली बहीण बघायला वर चढवलं नाही तुला.

भाऊ: नव्हतं बघवत.

बहीण: मला तरी कुठे आरसा बघवत होता? तो राग आहेच, आणि तो मी मरेपर्यंत धरणार. पण त्यासाठी तूही जिवंत हवास.

भावजय: ताई, बसा ना जरा.

बहीण: बसायला आले नाही मी.

भाऊ: आणि तपासून निघालं काही, तर? कापाकापी. मग लघवी आवरत नाही म्हणून लंगोट बांधून फिरायचं जन्मभर. शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याचं काय झालं, माहीत आहे ना?

बहीण: त्याचं उशिरा कळलं. रक्तातला प्रोस्टेटचा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असंही नसतं. पुन्हा तपासतात, फोटो काढतात. निघालाच तरी सगळ्यांना कापत नाहीत, काहींच्या बाबतीत नुसतं लक्ष ठेवतात. आधी दोष आहे का ते तर बघू. नसला तर माझ्या नावाने शंख कर, मी ऐकून घेईन.

भाऊ: आणि असला तर?

बहीण: तर डोळे उघडे ठेवायचे.

भाऊ: एवढंच? तू पोरीचं का बोलत नाहीस?

बहीण: कुठल्या?

भाऊ: माझ्या. दोष माझ्यात असला तर तिच्यातही येऊ शकतो, तुझ्यात आला तसा. मी सगळं वाचलंय, ताई. तुम्हा दोघींना वाटतं मला काही कळत नाही. निम्मी शक्यता. बापाकडून. परवा ती इथे गल्ल्यावर बसून पावात लोणी भरून खात होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

भावजय: अहो, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?

भाऊ: काय सांगू? तपासलं नाही तोवर मी तिला काही दिलेलं नाही. तपासलं की मी दिलं.

बहीण: बाबांनीही मला दिलंच की. मी त्यांना कधी दोष दिला?

भाऊ: घरी येतेस तेव्हा देतेस. त्यांच्या फोटोसमोरून जाताना मान फिरवतेस. मी बघितलंय.

(कुणीतरी बाहेरून दार वाजवतं. तिघंही जागची हलत नाहीत.)

बहीण: हो. देते दोष. पण त्यांनी दिलं म्हणून नाही. आपल्याला कॅन्सर आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी लपवलं म्हणून. मला आधी कळलं असतं तर मीही आधी तपासलं असतं.

भाऊ: आणि माझी पोर?

बहीण: तुझी पोर लहान आहे अजून. तिच्याकडे वेळ आहे. माझ्याकडे नव्हता.

भावजय: मी बघते गिऱ्हाईक.

भाऊ: थांब. थांबू दे त्याला जरा.

बहीण: उद्या सकाळी लॅब उघडते. मी येईन गाडी घेऊन.

भाऊ: वाटेत एक अक्षर बोलणार नाही मी तुझ्याशी.

बहीण: नको बोलूस.

भाऊ: उपाशीपोटी यायचं असतं का?

बहीण: नाही. खाऊन ये.