मिटन बसली तेव्हा

समारंभाचे अध्यक्ष माननीय ऑर्विल डेमेंटी, गावातले सर्वांत वडीलधारे हर्बर्ट निकेटा आजोबा, फेअरबँक्स शहरातून विमानानं आलेल्या पाहुण्या श्रीमती होल्ट, शर्यत समितीचे सभासद, जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती माझी यूडोरा आत्या, आणि मूस हरणाच्या रश्श्याचा वास सोसत माझं बोलणं संपायची वाट पाहणारे गावकरी,

मला विषय दिला आहे, ‘कुत्र्यांच्या स्लेज-शर्यतीतून नेतृत्व आणि संघभावनेचे धडे’. विषय श्रीमती होल्ट यांनी सुचवला आणि यंदाच्या विजेत्यानं त्यावर बोलावं असं समितीनं ठरवलं. यंदाची विजेती मी.

माझी पहिली शाळा म्हणजे आत्याचं कुत्र्यांचं अंगण. फळा नव्हता. कुत्र्यांच्या घरांवर रंगवलेली नावं वाचत मी अक्षरं शिकले. त्यामुळे धडे म्हटलं की मला आत्याच आठवते. पण आज तिला निरोप द्यायचा आहे म्हणे. आपण निवृत्त होतोय हे तिला दुकानाच्या दारावरच्या सूचनेवरून कळलं. ती एवढंच म्हणाली, “बरं झालं लिहून लावलं. घरी जाऊन कुत्र्यांना सांगायला हवं.”

हसा, पण पुढचंही ऐका.

शर्यत सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या सगळ्यांत पुढे होती आणि तिच्या मागे मी, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. नदीच्या मोठ्या वळणावर समितीच्या वाट दाखवणाऱ्या लाल फितीच्या काठ्या सरळ गोठलेल्या पात्रातून गेल्या होत्या. आत्यानं पुढे जायची हाक दिली. तिची म्होरकी कुत्री मिटन हलली नाही. आत्यानं पुन्हा हाक दिली, तेव्हा मिटन चक्क खाली बसली.

म्हातारीला कुत्री आवरत नाहीत, असं नंतर या सभागृहात म्हटलं गेलं. कुणी म्हटलं ते मी सांगणार नाही. त्यांनाही रस्सा सुखानं प्यायचा आहे.

आत्या रागावली नाही. स्लेज, म्हणजे घसरगाडी, आकड्यानं हिमात अडकवून ती पुढे गेली, गुडघे टेकून हिमात हात घातला आणि हातमोजा वर करून मला दाखवला. भिजला होता. वरून कोरडं हिम, खाली बर्फावर चढलेलं पाणी. तिथे पाय भिजला तर बोटं राहत नाहीत, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. तिनं कुत्री वळवली आणि काठ्या सोडून काठावरच्या झाडीतून नवी वाट पाडली. तिच्या वाटेनं मी गेले, माझ्या मागून सगळे गेले. गावातल्या शेवटच्या रेषेवर आधी आत्या पोहोचली, मग मी.

निकाल असा लागला. काठ्या सोडल्या म्हणून आत्या बाद. आम्ही मागचे मात्र पडलेली वाट पाहून गेलो, म्हणून निर्दोष. आणि निर्दोषांत पहिली मी.

माझ्याकडून कुणावर अन्याय होऊ नये म्हणून मी आधी अध्यक्षांच्या घरी गेले होते. त्यांना म्हटलं, ऑर्विल काका, त्या वाटेनं मी चुकून गेले नाही, समजून-उमजून गेले. पाणी मीही पाहिलं होतं. ते प्रेमानंच म्हणाले, “पोरी, नियम तो नियम. कप घे, आणि आत्याला आता शेकोटीजवळ बसू दे.”

त्याच आठवड्यात काका स्वतः ती जागा तपासायला गेले, हेही सांगायला हवं. त्यांची बर्फावरची मोटार काठ्यांच्या अगदी मधोमध रुतली. ती ओढून काढायला कुणाची कुत्री गेली, हे मी सांगायची गरज आहे का? म्होरकी मिटनच होती.

श्रीमती होल्ट, तुम्ही धडा विचारलात. मला येतो तो एकच.

आत्यानं एकदा खालच्या गावाहून एक कुत्रा आणला होता. देखणा, ताकदवान, म्हणाल तिकडे जाणारा. मी लहान होते. मी म्हटलं, याला म्होरक्या करूया, किती ऐकतो. आत्या म्हणाली, “ऐकतोच तर. एकदा जायला नाही म्हणाला म्हणून त्याला मार बसलाय. आता उघड्या पाण्याकडे हाकललंस तरी जाईल, आणि तुलाही नेईल.” तिनं त्याला शेवटपर्यंत मागच्या जोडीत पळवलं, लाडानं पळवलं, पण पुढे कधी लावलं नाही.

मंडळी, आपण आज नेमकं काय करतो आहोत? जी थांबली आणि जिनं सगळ्यांना वळवलं, तिला शाल पांघरून घरी बसवतो आहोत. पुढच्या वर्षी काठ्या पाण्यात गेल्या तर कोण थांबेल? मागच्या रांगेत माझ्या वयाचे चौघे बसले आहेत. सांगा, तुमच्यापैकी कोण थांबेल?

आत्या मला हातानं खाली बस म्हणते आहे. सकाळीच तिनं बजावलं होतं, “चार वाक्यं बोल, माझी लाज काढू नकोस.” आत्या, तुझी लाज निघत नाहीये गं. थोडं थांब.

हा कप मी अध्यक्षांसमोर ठेवते. आत्याला देत नाही, ती घेणार नाही. हिशेब माझ्यापुरता सरळ आहे. पाठून जाणारी बरोबर असेल, तर पुढे जाणारी चूक कशी? एक तर आम्ही दोघी बाद, नाही तर आत्या पहिली. समितीनं यातलं एक ठरवावं. सूचनेवरची ‘निवृत्ती’ मात्र आजच पुसावी, कारण उद्या सकाळी आत्या कुत्री जुंपणार आहे आणि तिच्या मागे मी असेन.

इतका वेळ ऐकून घेतलंत, रस्सा निवू दिलात, त्याबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. बोलताना कुणा वडीलधाऱ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर घरात शिकलेली पोर म्हणून पोटात घाला. ही क्षमा मी शब्दांसाठी मागते आहे, काठ्या सोडल्याबद्दल नव्हे.

आता मी बसते. त्या दिवशी मिटन बसली होती, तशी.