आईची पाकळी

प्रियदर्शिनी : आधी सांग, मग हात देते.

ईश्वरी : आता? ताई, मी मेंदीचा कोन काढून बसलेय. तोंड सुकतंय त्याचा.

प्रियदर्शिनी : सुकू दे. परवा लग्न आहे माझं. एकदा पुण्याला गेले की हे विचारायचं राहूनच जाईल. आई गेली त्या दिवशी तू तिच्याबरोबर होतीस. आण्णांना विचारलं की त्यांचं एकच वाक्य. तळवलीला नवरीची मेंदी काढता काढता गेली.

बाबासो : त्यात आणिक काय सांगायचं असतंय?

प्रियदर्शिनी : मी बेलापूरला ऑफिसात होते आण्णा. हॉस्पिटल तिथून दोन सिग्नलवर. आणि सगळ्यांत शेवटी कळलं मला.

बाबासो : तुला एकटीला फोनवर कसं सांगायचं? मानसिंगमामाला पाठवला न्हाई का गाडी घेऊन?

प्रियदर्शिनी : मामा गाडीत सांगत होता, आईला जरा चक्कर आलीय. मी वाटेत नारळपाणी घेतलं तिच्यासाठी. बंद झाकणाची बाटली. ती घेऊन आत गेले मी.

ईश्वरी : काका, सांगू का मी?

बाबासो : सांग. ती काय ऐकायची न्हाई. आईवर गेलीय.

ईश्वरी : मावशी हातावर होती, मी पायावर. नेहमीसारखा. ज्ञानेश्वरी नावाची नवरी. उजवा हात पुरा झालेला, डाव्यावर कोयरी काढून मनगटाला आलेली. मंग बोलली, ईशे, पंखा जरा इकडं फिरव गं, घाम आला. मी पंखा फिरवला. तिनी कोन कपात उभा ठेवला. खाली नाय ठेवला, कपात ठेवला. आनि भिंतीला टेकली. मला वाटला डोला लागला.

प्रियदर्शिनी : मग?

ईश्वरी : मंग बोलवली तर बोलेना. नवरीचे भावानी गाडी काढली, दोघा-तिघांनी उचलून नेली. मी पन चप्पल घातली. तर नवरीची आई दारात आडवी आली. बोलली, बाय, अर्धा हात टाकून जाऊ नको, पोरीला बरा नाय ते. तुझी बाई येईल बरी होऊन, तू तेवढा पुरा कर.

प्रियदर्शिनी : आणि तू थांबलीस.

ईश्वरी : मी काकांना फोन लावला. ते पोचलेले हॉस्पिटलात. मी विचारला, मावशी कशी हाय?

प्रियदर्शिनी : हं.

ईश्वरी : काका, तुमी सांगा पुढचा.

बाबासो : मी म्हणलो, गेली. तिथं कुणाला कळू देऊ नको. हात पुरा कर, मग ये.

प्रियदर्शिनी : तुम्ही म्हणालात असं?

बाबासो : व्हय.

प्रियदर्शिनी : आई तिथे पडलेली आणि तुम्ही कुणाच्या तरी मेंदीचं बघत होतात? हिला फोनवर सांगता आलं. मला नाही.

बाबासो : हिनं विचारलं. तू विचारलं नव्हतंस, तुला ठावंच नव्हतं. आणि ती पोरगी अर्धा हात घेऊन बसलेली. तिची काय चूक? त्या वक्ताला तिच्या कानावर गेलं असतं तर जन्मभर मेंदी म्हणलं की तिला मयत आठवलं असतं.

प्रियदर्शिनी : मला आठवतंच की. खाली सोसायटीत कुणाकडे मेंदी असली तरी मी जिन्याने जाते, लिफ्टमध्ये तो वास भरलेला असतो म्हणून.

बाबासो : म्हणून तर सांगत नव्हतो तुला.

प्रियदर्शिनी : न सांगून काय झालं? वास गेला?

बाबासो : न्हाई गेला. घरातबी न्हाई गेला. तिचं ते कपाट उघडलं की येतो. मी उघडत न्हाई.

ईश्वरी : आज मी मेंदीत निलगिरी घातलीच नाय ताई. लवंगाचा तेल घातलाय. बघ वास घेऊन.

प्रियदर्शिनी : ...दंतमंजनासारखा येतोय.

ईश्वरी : येऊ दे. रंग चढेल पन.

प्रियदर्शिनी : तू कसा काढलास गं तो हात? कळल्यावर?

ईश्वरी : मान वर करून. डोल्यातला पानी खाली पडू नये म्हनून. सगल्या बाया गानी बोलत होत्या, कोनी बघितला नाय. रेघ लय जाड आली मनगटावर. मावशीनी बघितली असती तर टपली दिली असती. ईशे, ही मेंदी हाय का डांबर?

बाबासो : असंच म्हणली असती.

ईश्वरी : हात पुरा केला, पन पाकली राहिली.

प्रियदर्शिनी : आईची पाकळी?

ईश्वरी : तीच. मावशी तलहातावरच्या फुलाची एक पाकली मोकली सोडायची ना, नवरीचे आयशीनी भरायला. सगल्या नवऱ्यांना सोडायची. मला शिकवला त्या पहिल्या दिवशी बोलली होती, हात आपन भरायचा, पन शेवटची पाकली आपली नाय. मी त्या दिवशी तिच्या आयशीला हाक मारली असती तर रडूच आला असता. म्हनून कोन तसाच कपात ठेवला आनि निघाले.

प्रियदर्शिनी : मग तिच्या आईने नंतर भरली?

ईश्वरी : नाय. दुसरे दिवशी हलदीत कलला त्यांना. ज्ञानेश्वरीची आई कोन घेऊन बसली भरायला, तर पोरीनी हात मागं घेतला. बोलली, ही जयमाला मावशीची, राहू दे. रंग जाईपर्यंत तशीच होती. दिवालीत मला सारसोळ्याला जेट्टीवर भेटली, नवऱ्याबरोबर मासली घ्यायला आलेली. पोटुशी हाय. काय वाईट नाय झाला तिचा.

बाबासो : हे मला सांगितलं न्हाईस कधी.

ईश्वरी : तुमी तरी कुठं काय विचारता काका? मी येते, तुमी बोलता चहा घे, मी चहा घेते, जाते.

प्रियदर्शिनी : घे. हात घे.

ईश्वरी : आधी डिझाईन तर बोल. हे बघ मोबाईलवर. आता सगल्या नवऱ्या हे मागतात. एका हातावर नवरा, एका हातावर नवरी, खाली हत्ती, वर मंडप.

प्रियदर्शिनी : नको बाई. आई काय म्हणायची याला?

बाबासो : हातावर वरात काढायची न्हाई म्हणायची. बँडवाले राहिले, त्यांनाबी बसवा कोपरावर.

प्रियदर्शिनी : आण्णा, तुम्ही सांगा कुठलं ते. माझ्यात आता काही निवडायची ताकद नाही. साड्या निवडल्या, हॉल बघितला, मेनू ठरवला, फोटोग्राफरशी भांडले. ते सगळं आई करणार होती.

बाबासो : मला ती सगळी सारखीच दिसतात. भरलेला हात तो भरलेला हात.

प्रियदर्शिनी : असं कसं? सांगा ना प्लीज.

बाबासो : कोयरी घाला. आमच्या लग्नात तिच्या हातावर मेंदी न्हवतीच. तिकडं गावाकडं माणला कोण काढणार मेंदी? हळद लावली, झालं. मुंबईला आल्यावर शेजारणीकडं शिकली आणि पहिली कोयरी स्वतःच्या हातावर काढली. मी मार्केटातनं आलो, तर हात पुढं करून म्हणली, बघा, उशिरा का होईना, नवरी झाले. मी म्हणलो, जेवायला कोण वाढणार मग?

प्रियदर्शिनी : आण्णा!

बाबासो : मीच वाढलं. तिला भरवलं पण. हात सुकला नव्हता तिचा.

ईश्वरी : चला, कोयरी ठरली. ताई, हात सैल सोड. आनि रणजीतभावजींचा नाव कुठं लपवू?

प्रियदर्शिनी : सापडेल असं लपव. चष्मा विसरतो तो.

बाबासो : राजाक्काला फोन करायला पायजे. सकाळीच निघणार होती माणहून. पाकळी तिनं भरायची असं ठरलंय.

प्रियदर्शिनी : कुणी ठरवलं?

बाबासो : मी. सख्खी आत्या हाय तुझी. सवाष्ण हाय.

प्रियदर्शिनी : आत्या नको.

बाबासो : का गं?

प्रियदर्शिनी : आईचे दिवस पण झाले नव्हते आण्णा. आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापत म्हणाली, पोरीचं वर्षाच्या आत उरका, न्हाईतर तीन वर्षं थांबावं लागतंय. उरका म्हणाली. मी पलीकडच्या खोलीत होते.

बाबासो : तिचं बोलणं तसलंच हाय. पण आठ दिवस तिनंच चूल सांभाळली. मी जेवत नव्हतो तर ताट घेऊन समोर बसायची.

प्रियदर्शिनी : माहिती आहे. मी तिच्या पाया पडेन, तिने आणलेली साडी पण नेसेन. पाकळी नको.

बाबासो : मग कोण? तुझी सासू?

प्रियदर्शिनी : तुम्ही.

बाबासो : काहीतरीच.

प्रियदर्शिनी : काहीतरी काय?

बाबासो : बायकांचं काम हाय ते. त्यात बायको गेलेला माणूस. चार लोक येतील, हात बघतील, विचारतील.

ईश्वरी : काका, एक बोलू? मागं नेरुळलाच एक नवरी होती. तिची आई विधवा. पाकली भरायची वेल आली तर ती उठून आत गेली. काकी पुढं झाली, मी भरते बोलली. मावशीनी कोन दिलाच नाय तिला. हातात धरून बसून राहिली. बोलली, पोर तिची, पाकली तिची. ती भाईर येईपर्यंत मी बसते. सगला हॉल थांबला. शेवटी आली ती, भरली.

बाबासो : ती आई होती.

प्रियदर्शिनी : आणि तुम्ही कोण आहात?

बाबासो : बाप हाय. आई न्हवं.

प्रियदर्शिनी : कन्यादानाला कोण बसणार आहे? काका-काकूंना बसवूया म्हटलं तर तुम्हीच भटजींना म्हणालात, मी बसणार.

बाबासो : भटजी म्हणले, कमरेला सुपारी खोचून बसा, बायकोच्या जागी सुपारी चालती. म्हणून बसतोय.

प्रियदर्शिनी : तिथे आईच्या जागी सुपारी चालते, आणि इथे तुम्ही चालत नाही?

बाबासो : वकील करायला पायजे होता तुला. हा हात बघ. वाशीच्या मार्केटात जन्म गेला याचा, हुकानं पोती ओढण्यात. याला सुईत दोरा ओवता येत न्हाई. परवा मानपानाच्या साड्यांच्या पिशव्यांना गाठी मारल्या, तर शेजारच्या वहिनींनी सगळ्या सोडून परत मारल्या.

प्रियदर्शिनी : पोत्यावर मार्का कोण मारायचं? तुम्हीच सांगायचात ना, आपला मार्का गोणीवर लांबून ओळखू यायचा.

बाबासो : तो बुरुश असतो. एवढा जाड. रंगाच्या डब्यात बुडवायचा आणि ओढायचा.

प्रियदर्शिनी : मग मारा मला मार्का. चालली की तुमची गोणी.

बाबासो : असलं बोलू नये.

ईश्वरी : काका, ताटलीवर करून बघा आधी. हा घ्या जुना कोन. वरून नाय दाबायचा, मागून दाबायचा. हलू हलू. टोक टेकवायचा नाय.

बाबासो : असं?

ईश्वरी : अवो, एवढा नाय! हा तर बोंबील झाला.

प्रियदर्शिनी : आण्णा, हसू नका, मी हलतेय!

ईश्वरी : तू पन हलू नको ताई, रेघ फाटेल. काका, परत. पाकली लहान हाय. एक ठिपका, आनि मागं ओढायचा.

बाबासो : ही जमली का?

ईश्वरी : जमली म्हनायला हरकत नाय. मावशीनी टपली दिली असती, पन जाऊ दिली असती.

बाबासो : आणि बिघडली तर? परवा हात सगळ्या लोकांपुढं जायचाय. हिच्या आईचं नाव हाय या धंद्यात. नेरुळ-सीवूडच्या निम्म्या पोरी तिच्या हातच्या हायत. त्यांच्या आया येणार लग्नाला. पहिला हात बघतील, मग तोंड बघतील.

प्रियदर्शिनी : बघू देत. विचारलं तर मी सांगेन, माझ्या आण्णांनी भरलीय. जाड आहे, पण त्यांची आहे.

बाबासो : पोरी, मला थोडं बसू दे.

प्रियदर्शिनी : बसा. मी पण बसलेच आहे. दोन्ही हात, दोन्ही पाय. कुठे जाणारेय?

ईश्वरी : झाला बघ ताई. डावा पन झाला. पाय सुकत आले. ही मोकली सोडलेय, अंगठ्याकडची. काका, नवा कोन कापून ठेवलाय कपात. उभा. मी आत जाऊन लिंबू-साखर करते वरून लावायला.

बाबासो : चहा पण ठेव.

ईश्वरी : ठेवते. नेहमीसारखा.

प्रियदर्शिनी : आण्णा, नाक खाजतंय.

बाबासो : कुठं? इथं?

प्रियदर्शिनी : वर. हं. तिथेच. आईला असंच भरवलं होतं का तुम्ही, त्या दिवशी?

बाबासो : व्हय. वांग्याची भाजी होती. म्हणली, घास लहान करा, मी काय गोणी हाय का?

(फोन वाजतो.)

बाबासो : हं, बोल राजाक्का. ... कुठवर आलीस? ... खंडाळ्यात? मग सावकाश ये, वरडू नको डायव्हरवर. ... व्हय, खाल्लं दोघांनीबी. ... मेंदी? झाली की. दोन्ही हात झाले, पाय झाले. कोयरी काढलीय. ... न्हाई, तुझ्यासाठी न्हाई ठेवली. राग धरू नको, आल्यावर सांगतो. ... एक पाकळी राहिलीय. ... मी भरणार हाय. ... न्हाई, अजून भरली न्हाई.