सावंतांचं बॅडमिंटन

हसाल तुम्ही, पण आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगमध्ये बॅडमिंटन सुरू केलं ते सावंतांनी, आणि त्यांना साधी सर्व्हिस जमत नव्हती. नव्वदच्या दशकातली नवी बिल्डिंग, शेजारी कोण राहतं हे कोणाला ठाऊक नसायचं. एकटे राहणारे सावंत मात्र दर रविवारी सकाळी बेल वाजवून एकेकाला खाली ओढायचे. "चला हो, चौथा कमी आहे!" पाण्याच्या टाकीपासून गेटपर्यंत बांधलेली दोरी, तेच आमचं नेट.

एकदा मी वैतागून विचारलंच, "सावंत, तुम्हाला खेळता येत नाही, मग हा अट्टाहास कशासाठी?"

शटलची पिसं सरळ करत ते म्हणाले, "आई गेली तेव्हा इथली सगळी दारं बंद होती. खांदा द्यायला चौथा माणूस रिक्षा स्टँडवरून आणला मी. आता निदान तुम्ही ओळखीचे तरी झालात."

त्यानंतर रविवारी कोणी नाही म्हटलं नाही.

काही वर्षांनी सावंत झोपेतच गेले. त्या दिवशी कोणी कामावर गेलं नाही, अख्खी बिल्डिंग खाली उभी. आईच्या वेळी तोंडही न दाखवलेला चुलतभाऊ अॅम्ब्युलन्स घेऊन आला. म्हणाला, "सगळं गावी करायचं ठरलंय." आम्ही उचलायला पुढे झालो, तर त्यानं हात आडवा घातला. माणसं त्यानं सोबतच आणली होती.

"तुम्ही कोण त्यांचे?"

माझ्या तोंडून निघालं, "आम्ही त्यांच्याबरोबर बॅडमिंटन खेळतो."

"बरं," तो म्हणाला आणि गाडीचं दार लावून घेतलं.