पाय की पेडल

आपली स्कूटर दुरुस्त होईपर्यंत शिवणकाम करणाऱ्या बाई गॅरेजच्या बाकावर टेकल्या होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मान खाली घालून बसले होते. त्यांची मुलगी मेकॅनिकला सांगत होती,

“काल फाटकात माझी लेक उभी होती. बाबांच्या कारचा पायातला ब्रेक लागेचना; त्यांनी हँडब्रेक ओढला, म्हणून गाडी हातभर अलीकडे थांबली.”

“ब्रेकचा दोष नाही हो,” म्हातारे म्हणाले. “माझा पायच गेलाय. गाडी विकून टाकतो.”

“थांबा काका, मी बसून बघतो,” मेकॅनिक म्हणाला. “ अहो, हे पेडल माझ्याही पायाखाली खाली चाललंय!”

“तुमच्याही?”

“बाकावरच्या ताई, तुम्ही येऊन दाबून धरा बरं.”

“अगंबाई, पार तळाला टेकलं की!”

“हे बघा, मागचं चाक आतून ओलं आहे. सील फाटून ब्रेक ऑइल गळतंय. जुन्या गाडीत होतं असं.”

“म्हणजे माझा पाय...”

“तुमच्या पायाला काय धाड भरलीय, काका?”

“बाबा, रात्रभर जागलात ना? मला एका शब्दाने बोलला नाहीत.”

“काय बोलणार होतो, बाळा?”

“संध्याकाळी गाडी तयार होईल. न्यायला कोण येणार?”

“मी येईन,” म्हातारे उठत म्हणाले. “चालत येईन.”