मल्लूची करडगी

माझं गाव केम, करमाळा तालुका, रेल्वेचं टेसन हाय बघा, तितंच जन्मलो आन तितंच रुळावर आयुष्य गेलं. बाप गँगमन, मी बी गँगमन. शाळा दुसरीपतूर. खांद्यावर हातोडा, हातात पाना, रोज सहा मैल जायचं आन सहा मैल यायचं, कुटं रूळ धरनारी लोखंडी चावी सुटली का, कुटं खडी सरकली का, बघत. चालायचं मला कवाच काय वाटलं न्हाय. पन एकदा चाललो तसं परत चाललो न्हाय. तुमी लिहून घ्याया आलाय तर ते चालनं तुमाला सांगतो. सरळ सांगतो, मला गोड बोलता येत न्हाय, गंगू म्हनायची तुमच्या तोंडात चावी मारायचा हातोडा हाय.

गंगू म्हंजी माझी मंडळी. गंगव्वा. तिचं माहेर मंद्रूपच्या पलीकडं भीमेच्या अंगाला, घरात समदे कानडी बोलनारे. आमी बी लिंगायत, ते बी लिंगायत, पन आमच्या केमला कानडी कुनाला येत न्हाय, मराठीच. लगीन झालं तवा मला दोनच शब्द यायचे, ऊटा म्हंजी जेवान आन बा म्हंजी ये. पुढं बी त्याच्या वर मी काय शिकलो न्हाय. गरजच काय, तिला मराठी येत व्हती की.

तिला एकच भाऊ, मल्लाप्पा. आमी मल्लू म्हनायचो. आई ल्हानपनी गेली, गंगूनंच त्याला मांडीवर वाढिवला. बहात्तरचा दुष्काळ पडला, भीमेला बी पानी न्हाय, वावरात कुसळ न्हाय, तर हे पोरगं सोलापूरच्या एका ट्रकवर किन्नर, म्हंजी डायवरच्या हाताखाली क्लीनर, म्हनून लागलं. तो डायवर चादरीचे गठ्ठे घिऊन म्हैसूरकडं जायाचा. त्यानं सांगितलं, वर निलगिरीच्या डोंगरात चहाचे मळे हायेत, तितं बारा म्हयने पाऊस आन बारा म्हयने काम. मल्लूला पानी म्हनल्यावर सरगच वाटला आसंल. जायाच्या आधी बहिनीला भेटाया केमला आला, दोन दिस ऱ्हायला.

आता हितं नीट ऐका. आमच्यात लेकरू जलमलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधत्यात. ते जिवंतपनी काढायचं न्हाय आन मेल्यावर बी काढायचं न्हाय. आमाला जाळत न्हाईत, खड्ड्यात मांडी घालून बसवत्यात आन डाव्या तळहातावर ते इष्टलिंग ठिवत्यात, मग माती. ते हातात नसंल तर मानूस वाट चुकला म्हनत्यात. मल्लूचं इष्टलिंग चांदीच्या डबीत व्हतं, आमी तिला करडगी म्हनतो, त्याच्या आज्याची, चांगली जड. तो निगाला त्या दिशी गंगू हिरीवर गेली व्हती, दुष्काळात एका घागरीला अर्धा दिस जायाचा. मी त्याच्या गळ्याकडं बघितलं आन म्हनलं, मल्लू, परक्या मुलखात, मजुरांच्या खोल्यांत, ही चांदी बघून कोन तरी तुजा गळा कापंल. तो म्हनाला, दाजी, मग लिंग काढून फडक्यात बांधतो, डबी ऱ्हाऊ द्या हितं. आमच्यात फडक्यात बांधलेलं बी चालतं. पन डबीचं झाकन आवळलेलं, लई वर्साचं, निगंना. त्यानं दातानं बघितलं, मी पान्यानं बघितलं, चांदी वाकाया लागली. तिकडं गाडीची घंटा झाली. मी म्हनलं, आरं ऱ्हाऊ दे हितंच तशीच, सहा म्हयन्यानं येशील तवा घाल. तो डबी मुठीत धरून उभा. मला राग आला गाडी चुकती म्हनून. मी म्हनलं, सहा म्हयन्यात काय मरनार हायेस व्हय?

त्यानं काढून माझ्या हातात दिली. हसला. पाया पडला आन पळतच टेसनावर गेला.

गंगूला मी सांगितलं न्हाय. सांगितलं आस्तं तर तिनं मला उभा चिरला आस्ता. माझ्या हत्याराच्या पेटीत चिंधीत गुंडाळून ठिवली.

सहा म्हयन्याचं दीड साल झालं. दिवाळी झाल्यावर तो डायवर केमला आला, उस्ताद म्हनायचे त्याला, दारातच टोपी काढून उभा. म्हनला, भाभी, मल्लू गेला, तापानं, पावसाळ्यात, मला बी आत्ता कळलं. कंच्या मळ्यात? ते न्हाय ठाव, तितल्या बाजारात हमालांनी सांगितलं, वरल्या अंगाच्या कुटल्या तरी मळ्यात, तितल्याच लोकांनी माती दिली. गंगू रडली न्हाय. पैलं काय इचारलं, तर त्याच्या हातात इष्टलिंग ठिवलं व्हतं का? उस्तादला काय कळनार, तो माझ्याकडं बघाया लागला.

मग मी पेटीतनं करडगी काढली. आन खोटं बोललो. म्हनलं, आत्ता पेटीच्या पार तळाला ही सापडली, त्यानंच ठिवली आसंल जाताना.

तिला खरं वाटलं. का न्हाय वाटनार, मी खोटं बोलनारा मानूस नव्हतो.

तिनं एकच धरलं, मी जाऊन त्याच्या मातीत ठिवनार. मला पास व्हता रेल्वेचा, रजा टाकली. केमहून सोलापूर, सोलापूरहून गुंतकल, तितनं बेंगळूर, मग म्हैसूर, मग यस्टी, मोठ्या रानातनं, वळनावर वळनं. गंगू खिडकीतनं वकत ऱ्हायली. उतरलो ते बाजाराचं गाव, आन तितनं पुढं पायी.

काय सांगू तुमाला, असा मुलूख मी बघितला न्हाय. डोंगर म्हंजी न्हाव्यानं भादरल्यागत, कमरेइतकी झुडपं, एकाला एक लागून, मदी मानूस आडवा जाईल येवढीच वाट. आन धुकं. मी रुळावरचा मानूस, दोन मैल सरळ बघायची सवय, तितं चार हातावरचं काय दिसंना. बाया पाठीला टोपल्या लावून पाला खुडायच्या, त्यांची नुसती डोकी धुक्यातनं वर. गंगू म्हनली, काय बाई पीक हे, शेरडू बी तोंड लावंना, आन मानसं ह्याच्यासाठी मरत्यात.

पैल्या दिशी तीन मळे झाले. गंगू फुडं, मी मागं. तिकडं तामिळ बी बोलत्यात आन कानडीसारखं बी बोलत्यात, गंगूला जुळत व्हतं. ती इचारायची, सोलापूरचा मल्लाप्पा, उंच, गालावर देवीचे वण, कुनी बघितला का? एका मळ्यात कारकून भाईर आला, सोलापूर ऐकलं आन म्हनला, दाखवा चादरी. त्याला वाटलं आमी इकाया आलो. गंगूनं मला मराठीत सांगितलं तसं मी म्हनलं, सांग त्याला, एकच चादर हाय आन ती आमी पांगरलीया. तिला थोडं हसू आलं. त्या चालन्यात तेवढंच.

दुसऱ्या दिशी दिसभर पाऊस. जळवा. पायाला, बोटाच्या बेचक्यात, मांडीपतूर. एका मजुराच्या बाईनं फडक्यात मीठ न तंबाखू बांधून दिली, म्हनली चोळत चला. रगात थांबायचं न्हाय. आन गंगू चालता चालता भावाला शिव्या द्यायची. मल्या, कसा रं तू, आपल्या हातानं गळ्यातलं काढलंस, कुटली बाई लागली व्हती का दारू लागली व्हती, आईनं तुला मरताना माझ्या वटीत घातला आन तू असा निगालास. मोठ्यानं. मेल्या मानसाला. मी मागनं ऐकत चाललो.

तिसऱ्या दिशी दोन मळे झाले, कुनाला ठाव न्हाय. एक ओढा लागला, दगडावर बसलो. तिच्या टाचा फुटलेल्या, लुगड्याचा काठ रगतानं भरलेला. तिनं कमरंची पिशवी सोडली, करडगी काढली, हातात धरून लई येळ बघत बसली. मग म्हनली, चला माघारी. मी म्हनलं, का? म्हनली, ज्यानं मनात आलं म्हनून काढून टाकलं त्याच्यासाठी मी का मरू, वाहत्या पान्यात सोडती हितंच, सुटलो आपुन. आन उठली ओढ्याकडं.

मला गप बसता आलं आस्तं. तिनं सोडली आस्ती, घरी आलो आस्तो, कोनाला काय कळलं आस्तं? पन तो माझ्या दारात हसला व्हता न्हवं. मी म्हनलं, गंगू, थांब. त्यानं न्हाय काढली. मी काढाया लावली. तो फडक्यात बांधतो म्हनत व्हता. मी म्हनलं सहा म्हयन्यात काय मरनार हायेस व्हय.

ती पान्यात पाय घालून उभी. माघारी वळली न्हाय. मला वाटलं मारंल, दगड घालंल. मी म्हनलं बी, मार मला. तिनं करडगी पिशवीत घातली, कमरंला गाठ मारली आन वरच्या वाटंला लागली.

तितनं फुडं ती माझ्याशी बोलली न्हाय. आता बघा, त्या मुलखात माझं तोंड म्हंजी तीच. मळ्यात जायाची, इचारायची, लोक काय तरी सांगायचे, हात दावायचे, ती चालाया लागायची, की मी मागं. काय सांगितलं? कुटं चाललो? काय न्हाय. भाकरीचा तुकडा मागायचा तर मी हातानं दावायचो, मुक्यागत.

चौथ्या दिशी दुपारी एका उंच मळ्यात आलो. खाली मजुरांच्या खोल्यांची रांग. तितं एक म्हातारी भाईर सरपन निवडत व्हती, कपाळाला इभूत. गंगूनं इचारलं. म्हातारीनं सरपन टाकलं आन गंगूचं तोंड दोन्ही हातात धरलं. तवाच कळलं, हाच मळा.

दोघी उंबऱ्यावर बसल्या. मी अंगनात उभा. म्हातारी बोलाया लागली, कानडी, झरझर, अर्धा तास तरी बोलली. मला मल्लाप्पा तेवढं कळायचं. मदीच तिनं मांडी घालून दाखिवली, म्हंजी बसिवला व्हता, जाळला न्हाय, येवढं मला समजलं. मग तिनं डावा हात फुडं केला. उजव्या हातानं त्याच्यावर काय तरी ठिवल्यागत केलं, आन मूठ मिटली. का मोकळाच हात दावला? का एकादा दगड ठिवला व्हता कुनी त्याच्या हातात, माया करून? का मरताना त्यानं हात फुडं करून काय मागितलं? गंगू मोठ्यानं रडली, आन मग, तुमाला खोटं वाटंल, मदीच एकदा हसली. म्हातारी एकदा माझ्याकडं बघून काय तरी म्हनली. गंगूनं मान हालिवली. हो म्हनली का न्हाय, ते बी मला कळलं न्हाय.

मल्लूची माती मळ्याच्या कडंला, उंच झाडांखाली. गंगूनं म्हातारीकडनं खुरपं घेतलं, कोपरापतूर खड्डा केला, करडगी आत ठिवली, जपून, जशी निजलेल्याच्या हातात ठिवावी. मी वाकलो, मूठभर माती घेतली. तिनं माझा हात बाजूला सारला. माती सांडली. बाकीची तिनंच लोटली.

सोलापूर टेसनावर उतरल्यावर पैल्यांदा बोलली. म्हनली, केमची गाडी कवा हाय? मग बोलत ऱ्हायली. चाळीस सालाच्या वर बोलली. दोन पोरी झाल्या, एक पोरगा, तो पुन्याला कंपनीत हाय. तिनं माझं समदं केलं, कंबर मोडली तवा मला उचलून बसिवलं. शिव्या दिल्या, मीठ कमी पडलं तर ओरडू दिलं. पन ते एक न्हाय. मी किती डाव इचारलं. म्हातारी काय म्हनली गं? ती म्हनायची, भांडी पडल्यात घासायची. पोरीच्या लग्नाच्या दिशी इचारलं, म्हनली आज नगा इचारू. मग मी साल साल इचारायचो न्हाय आन एकदम इचारायचो, ती चुलीपाशी आसताना, की बेसावधपनी तरी सांगंल. न्हाय.

आता गेली तिला चार म्हयने झाले. दवाखान्यातनं आनली व्हती, डाक्टर म्हनले घरी न्या. जायाच्या आठ दिस आधी मी तिच्या उशाशी बसलो व्हतो, पानी पाजत. मी म्हनलं, गंगू, आता तरी सांग. मल्लूच्या हातात काय व्हतं? तिनं माझ्याकडं बघितलं. राग न्हाय, काय न्हाय. म्हनली, सांगितलं आस्तं तर तुमी इसरला आस्ता.

पटलं मला. मी इसरनाराच मानूस. म्हनून पुन्हा इचारलं न्हाय.

तिला बसिवली, रीतीनं, तळहातावर तिचं इष्टलिंग, भस्म, बेल, समदं. लोक म्हनले सोनं झालं. मी बी पोराला सांगून ठिवलंय माझं. तुमी ल्हान हायसा, लिहून घ्या आन सुखानं ऱ्हावा, घरातलं कोन निगालं तर घाई करू नगा. पोरगं म्हनतं, बाबा, आपुन जाऊ त्या मळ्यात, गाडी करून, कानडी येनारा मानूस घिऊन. कशाला? म्हातारी तवाच सत्तरची व्हती. सांगनारी बी गेली, आन न सांगनारी बी गेली.